पूर्वपक्षाला गुण द्या: वादविवाद स्पर्धांच्या संयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचे संयोजक, परीक्षक आणि विषय ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या व्यासपीठामागच्या पडद्यावर पूर्वी थर्माकोलची आणि आता फ्लेक्सवरची अक्षरे असतात: 'वादे वादे जायते तत्त्वबोधः'. त्या अक्षरांखाली दिवसभर जे चालते त्यात बोध कुणाला किती होतो, हे आपणही जाणता. आम्ही स्पर्धकांना तयार करणारे आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीत बसणारे लोक आहोत. त्यामुळे या पत्रातली तक्रार जितकी आपल्याबद्दल, तितकीच आमच्याबद्दलही आहे.

मागणी एकच. गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा आणि त्याला 100 पैकी 25 गुण द्या. रकान्याचे नाव: पूर्वपक्ष.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आपल्या तोंडाने असे मांडायचे की त्या बाजूच्या माणसाने मान डोलावून म्हणावे, 'हो, मला हेच म्हणायचे आहे.' त्यानंतर खंडन. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची ही रीतच होती. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. आजची गुणपत्रिका पाहा: विषयप्रतिपादन, भाषाशैली, खंडन, सभाधीटपणा, एकूण प्रभाव. नावे थोडी इकडेतिकडे होतात, पण समोरच्याचे म्हणणे या मुलाला कळले का, असे विचारणारा रकाना सहसा सापडत नाही. ज्याला गुण नाहीत त्याची तयारी कोण करणार? मुले हुशार असतात. ती पाठ केलेले पाच मिनिटांचे भाषण करतात, खंडनाची दोन मिनिटेही घरूनच तयार करून आणतात आणि समोरचा काहीही बोलला तरी तीच म्हणून दाखवतात.

हा निव्वळ कौशल्याचा प्रश्न असता तर खुले पत्र लिहिण्याची गरज नव्हती. पण आपले विषय माणसांच्या श्रद्धांना, जातींना, घरातल्या देव्हाऱ्याला हात घालतात. ज्याची श्रद्धा आपण भर सभेत तपासायला काढतो, त्याचे म्हणणे आधी नीट ऐकून घेणे हे त्याचे आपल्यावरचे देणे आहे. ते न फेडता त्याचे खंडन करणे म्हणजे गैरहजर माणसावर एकतर्फी निकाल देण्यासारखे आहे.

उदाहरणासाठी नेहमीचा विषय घेऊ: 'फलज्योतिष हे शास्त्र आहे'. यावर प्रतिकूल बाजूचा स्पर्धक हमखास काय बोलतो? मंगळ कोट्यवधी किलोमीटरवर आहे, जन्माच्या वेळी बाळावर त्याचे जेवढे गुरुत्वाकर्षण असते त्यापेक्षा जवळ उभ्या असलेल्या सुइणीचे जास्त असते, मग मंगळ काय खेचणार? टाळ्या पडतात. पण जरा अभ्यास असलेला ज्योतिषी असे म्हणतच नाही की ग्रह खेचतात. तो म्हणतो, ग्रह कारक नाहीत, सूचक आहेत. घड्याळाचे काटे सकाळ घडवत नाहीत, सकाळ झाल्याचे दाखवतात, तसे. म्हणजे सुइणीचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी तो कुणाला लागलाच नाही. सभेला वाटले ज्योतिषी हरला. ज्योतिषाला वाटले, यांना आपले म्हणणेच ठाऊक नाही. तो घरी गेला तो आपल्या मतात आणखी घट्ट होऊन.

उलट बाजूनेही तेच. अनुकूल बाजूचा स्पर्धक म्हणतो, चंद्रामुळे समुद्राला भरती येते, माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच आहे, मग विज्ञानवाद्यांना हा परिणाम कसा दिसत नाही? इथे त्याने गृहीत धरले की नाकारणाऱ्याचे म्हणणे 'ग्रहांचा परिणाम होणे अशक्य आहे' असे आहे. नीट विचार केलेल्या नाकारणाऱ्याचे म्हणणे याहून बरेच माफक असते: परिणाम कशाने होतो हे राहू द्या, तुमची भाकिते तपासली तर ती नाणेफेकीपेक्षा वरचढ ठरत नाहीत.

आता हे दोन खरे पूर्वपक्ष शेजारी ठेवा. एक म्हणतो 'ग्रह सूचक आहेत', दुसरा म्हणतो 'सूचना खरी ठरते का ते मोजा'. यांच्यात गुरुत्वाकर्षण नाही आणि भरती-ओहोटीही नाही. वाद एकदम लहान झाला आणि मोजता येण्याजोगा झाला.

आणि तो मोजलाही गेला आहे, तोही पुण्यात. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 साली घेतलेली चाचणी ही आमच्या मते मतभेद असलेल्यांशी वाद कसा करावा याचा वस्तुपाठ आहे, निकालापेक्षाही तिच्या रचनेसाठी. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 अशा 200 जन्मपत्रिका जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातली एवढेच सांगायला सांगितले. कोणती पत्रिका कुणाची, हे ना ज्योतिषाला ठाऊक, ना त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली.

24 हा आकडा पाहून अनुकूल बाजूचा स्पर्धक उडी मारतो: बघा, 60 टक्के! इथे आकडेमोड यायला हवी. निव्वळ नाणे उडवून 40 उत्तरे दिली तर सरासरी 20 बरोबर येतात, पण 24 किंवा अधिक येण्याची शक्यता साधारण शंभरात तेरा असते. 27 जणांनी नाणी उडवली तर त्यांत तीनचार जणांना 24 किंवा अधिक मिळावेत हे अपेक्षितच आहे. 28 वर गेले असते तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तिथे शक्यता शंभरात एकाहूनही खाली येते. किती गुणांना 'जमले' म्हणायचे, हे उत्तरे यायच्या आधी ठरवावे लागते. मागाहून ठरवले की प्रत्येक जण आपल्याला सोयीची रेघ मारतो.

या चाचणीला ज्योतिषाच्या बाजूने काय म्हणता येईल, हेही प्रतिकूल बाजूच्या मुलाला सांगता यायला हवे. जन्मवेळा कितपत अचूक होत्या? बुद्धी पत्रिकेवरून सांगता येते, असा दावा सगळ्या पद्धतींचे ज्योतिषी करतात का? हे आक्षेप पोरकट नाहीत. त्यांना उत्तरे आहेत, पण उत्तर देण्याआधी आक्षेप उच्चारावा लागतो. आणि चाचणीने काय सिद्ध झाले नाही तेही सांगावे लागते: पत्रिका पाहून आल्यावर एखाद्या आईला धीर येतो की नाही, याबद्दल ही चाचणी अवाक्षर काढत नाही.

इथे विषय ठरवणाऱ्या समित्यांकडे वळतो. 'फलज्योतिष हे शास्त्र आहे' या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळे दावे कोंबलेले आहेत. भाकिते खरी ठरतात, हा वस्तुस्थितीचा दावा. त्यातून लोकांना आधार मिळतो म्हणून ते टिकावे, हा मूल्याचा. विद्यापीठाने ते शिकवावे, हा धोरणाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 साली ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2004 साली न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करायला नकार दिला. अभ्यासक्रम चालवता येतो की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. तरीही अनुकूल बाजू हा निकाल दाखवून 'सर्वोच्च न्यायालयानेच शास्त्र मानले' असे सांगते आणि प्रतिकूल बाजूला फरक ठाऊक नसल्याने ती गप्प बसते. एक स्पर्धक पहिल्या दाव्यावर बोलतो, दुसरा तिसऱ्यावर, परीक्षक भाषाशैलीला गुण देऊन मोकळे. म्हणून विषयाच्या वाक्यात एकच दावा ठेवा. धोरणाचा विषय असेल तर 'काय करावे' आणि 'कुणी करावे' दोन्ही लिहा.

काही विषय तर ठेवूच नयेत. 'आरक्षण हवे की नको' हा आमच्या मते त्यातला पहिला. सभागृहात बसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या कितीतरी मुलांचा प्रवेश त्या विषयात अडकलेला असतो. त्यांच्यातल्या एकाच्या नावाने प्रतिकूल बाजूची चिठ्ठी निघाली तर त्याने काय करायचे? अनुकूल बाजूची निघाली तर समोरचा 'गुणवत्ता' हा शब्द ज्या सुरात उच्चारेल तो शेकडो लोकांसमोर ऐकून घ्यायचा? तो मुद्द्यावर बोलूच शकत नाही, कारण त्याचे इथे असणेच मुद्दा झालेले असते. यावर 'मग आरक्षणावर चर्चाच करायची नाही का?' असा प्रश्न नेहमी येतो. करावी, पण प्रश्न धारदार करून. 'क्रिमी लेयरची वार्षिक उत्पन्नमर्यादा 8 लाखांवरून वाढवावी' असा विषय द्या (क्रिमी लेयर म्हणजे इतर मागासवर्गातला सधन गट, ज्याला आरक्षण मिळत नाही). 2017 पासून मर्यादा तेवढीच आहे, महागाई वाढली आहे, मर्यादा वाढवली तर त्याच प्रवर्गातल्या गरिबांच्या वाट्याला काय येईल, हे दोन्ही बाजूंना तपासता येते. कुणाच्याही असण्यावर बोट न ठेवता भरपूर भांडता येते.

देवाधर्माच्या विषयांनाही हीच कसोटी. 'देव आहे का' यावर पाच अधिक दोन मिनिटांत फक्त टाळ्याखेच होते. 'देवस्थानांचा कारभार सरकारनियुक्त समितीकडे असावा की भक्तांनी निवडलेल्या विश्वस्तांकडे' यावर आस्तिक-नास्तिक दोघेही पोटतिडकीने बोलतील, आणि गंमत म्हणजे कोण कुठल्या बाजूला जाईल ते आधी सांगता येणार नाही.

कायद्याची भीती घालून असे विषय टाळणारे संयोजकही आम्ही पाहतो. धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत 295-अ होते (ते 1927 साली घातले गेले), आता भारतीय न्याय संहितेत 299 आहे. त्यात 'जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने' हे शब्द आहेत. कुणाला वाईट वाटले म्हणजे गुन्हा झाला, असे ते कलम म्हणत नाही. दुसरीकडे घटनेच्या कलम 51-क (ज) मध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. मात्र कायद्यात बसते म्हणून सभेत शोभते, असेही नाही. समोरच्या श्रद्धाळू मुलीच्या आजीची टिंगल करणारे वाक्य कायद्यात बसेल, पण पूर्वपक्षाच्या रकान्यात त्याला शून्यच मिळायला हवे.

आता रकाना राबवायचा कसा. जोड्या चिठ्ठ्या टाकून, वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या लावा आणि दोघांना समोरासमोर बसवा. सध्या सगळे अनुकूल आणि सगळे प्रतिकूल क्रमांकाने येऊन बोलून जातात, त्यामुळे कोण कुणाला उत्तर देतो तेच कळत नाही. प्रत्येकी 5 मिनिटे मांडणी, पहिली घंटा चौथ्या मिनिटाला. मग प्रत्येकी 90 सेकंद पूर्वपक्ष: समोरच्याचा दावा काय, त्याचे सर्वांत भक्कम कारण कोणते, त्याचा पुरावा कोणता. या 90 सेकंदांत स्वतःचे मत घुसडायचे नाही. 'माझे प्रतिस्पर्धी म्हणतात की... जे हास्यास्पद आहे' यातला शेवटचा तुकडा आला की 5 गुण कापा. मग ज्याचे म्हणणे मांडले त्याला 30 सेकंद. 'मान्य', 'अपुरे' किंवा 'चुकीचे' यांतला एक शब्द त्याने म्हणायचा, आणि 'मान्य' नसेल तर काय राहिले ते एका वाक्यात सांगायचे. शेवटी प्रत्येकी 2 मिनिटे खंडन, आणि ते दुरुस्त झालेल्या पूर्वपक्षाचे.

यात बिघडते कुठे तेही सांगतो. पहिला धोका उघड आहे: समोरच्याचे गुण जावेत म्हणून मुद्दाम 'चुकीचे' म्हणणे. म्हणून गुण स्पर्धकाने द्यायचे नाहीत, परीक्षकानेच द्यायचे. दुरुस्तीचे वाक्य त्याच्या स्वतःच्या भाषणात आधी आलेलेच नसेल, तर गुण त्याचेच कापायचे. दुसरा धोका थोडा लपलेला असतो. स्पर्धक समोरच्याचा सर्वांत लंगडा मुद्दा निवडतो आणि तो अगदी प्रामाणिकपणे, शब्दशः मांडतो. खोटे काहीच नसते, पण भक्कम मुद्दा गायब असतो. यासाठी परीक्षकाने मांडणी ऐकतानाच प्रत्येक बाजूचा सर्वांत जड मुद्दा आपल्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवावा. पूर्वपक्षात तो आला नाही तर 25 पैकी 10 च्या वर जाऊ नये. तिसरे, घोकंपट्टी. ज्योतिषाचा पूर्वपक्ष घरून पाठ करून आणला आणि समोरच्याने भलतेच मांडले, तर पाठ केलेले म्हणणाऱ्याला 5 च्या वर गुण नकोत.

उरलेल्या 75 ची वाटणी आम्ही अशी सुचवतो: मांडणी 25, पुरावा 20, खंडन 20, भाषा आणि वेळ मिळून 10. भाषेचे गुण कमी केले म्हणून मराठीचे प्राध्यापक रागावतील. रागावू द्या.

वेळेचा हिशेबही मांडतो, कारण 'एवढा वेळ कुठून आणायचा' हाच पहिला आक्षेप येणार. आज एका जोडीला 14 मिनिटे लागतात, नव्या पद्धतीत 18. वीस जोड्या असतील तर 80 मिनिटे वाढतील. उद्घाटन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभार यांत जो वेळ जातो त्यातून 80 मिनिटे काढायला फारसे डोके लागणार नाही.

ही कल्पना आमची आहे असे समजू नका. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, वादात हार कशी ओळखावी याची 22 निग्रहस्थाने दिली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव अननुभाषण. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेले, सभेलाही समजलेले म्हणणे ज्याला परत उच्चारता आले नाही, तो तिथेच हरला. आमचा 25 गुणांचा रकाना म्हणजे हेच जुने निग्रहस्थान, जरा सौम्य करून. दुसरे एक आहे मतानुज्ञा: आपल्या पक्षावरचा दोष न खोडता 'तुमच्याकडेही तोच दोष आहे' असे म्हणणे. आजच्या टीव्हीवरच्या चर्चा निम्म्याहून अधिक याच एका निग्रहस्थानावर चालतात. 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हे वाक्य कानावर आले की परीक्षकांनी कागदावर 'म' लिहावे आणि खंडनातले 5 गुण कमी करावेत. परीक्षकांसाठी अर्ध्या पानाची टिपणी काढून अशी चारपाच निग्रहस्थाने दिली तरी पुरे. बाविसांची गरज नाही, त्यातली काही आजच्या स्पर्धेत उपयोगाचीही नाहीत.

त्याच ग्रंथात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाणांनी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी छलकपटासह चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त पाडायची ती वितंडा. यातला 'वितंडवाद' मराठीने उचलला, आणि 'वाद' या शब्दाचा अर्थ मात्र आपण भांडण असा करून टाकला. गौतमाने जल्प-वितंडा अजिबात त्याज्य ठरवलेल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. उगवत्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा तत्त्वाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग होतो, असे तो म्हणतो. आपल्या स्पर्धांत सगळ्या वाफ्यात कुंपणच लावलेले दिसते.

छलाचे म्हणजे शब्द फिरवण्याचे तीन प्रकार तिथे आहेत आणि वाक्छलाचे भाष्यातले उदाहरण मराठी कानालाही लगेच कळते. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याचे कांबळे नवीन आहे. दुसरा म्हणतो, नऊ कांबळी कुठे आहेत? याच्याकडे तर एकच! आपल्या व्यासपीठांवर हेच कांबळे 'श्रद्धा' या शब्दाच्या रूपाने फिरते. 'तुम्ही डॉक्टरवर श्रद्धा ठेवताच ना, मग बाबांवर ठेवली तर बिघडले कुठे?' पहिल्या श्रद्धेचा अर्थ भरवसा: औषध चुकले तर डॉक्टर बदलता येतो, त्याच्याकडे पदवी मागता येते, तक्रार करता येते. दुसऱ्या श्रद्धेचा अर्थ शरण जाणे: तिथे गुण आला नाही तर दोष भक्ताच्या भक्तीचा. पण प्रतिकूल बाजूही काही कमी नाही. ती उत्तरात वारकऱ्याची विठ्ठलावरची श्रद्धा आणि भोंदूबाबाला दिलेले पैसे एकाच 'अंधश्रद्धा' या पोत्यात भरते. वारकरी विठ्ठलाकडून परीक्षेत पास होण्याची हमी मागत नाही. तो कित्येक दिवसांची वाट चालतो. त्याला अंधश्रद्ध म्हणणाऱ्याने त्याचा पूर्वपक्ष ऐकलेलाच नसतो. अशा विषयांत पहिल्या मिनिटातच दोघांनी आपापल्या शब्दाचा अर्थ सांगावा आणि तो फळ्यावर लिहिला जावा, असा नियम करा. फळा, खडू आणि लिहायला एक विद्यार्थी, एवढाच खर्च.

लिहून ठेवण्याला आणखीही कारण आहे. मुंबईच्या समुद्रकिनारी 1857 साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद रंगले. समोर जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. दोन्ही बाजूंचे वृत्तांत पुढे वेगवेगळे छापले गेले. त्याआधी 1831 मध्ये हिंदू पंडित मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या वादाचेही पुस्तकांवर पुस्तके काढूनच उत्तर-प्रत्युत्तर झाले. दोन्ही वाद आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात मोलाचे आहेत. पण दोघांनाही 'हो, मी हेच म्हणालो' असे कबूल असलेले एखादे पान मागे राहिले असते तर पुढच्यांचे काम किती सोपे झाले असते!

श्रोत्यांबद्दल थोडे. चरकसंहितेच्या विमानस्थान नावाच्या भागात वैद्यांच्या वादाचे दोन प्रकार आहेत: मिळून केलेली ती संधाय संभाषा, जिंकायला केलेली ती विगृह्य संभाषा. पहिल्या प्रकारासाठी समोरचा न रागावणारा आणि असूया नसलेला असावा, अशी अट आहे. सभा जाणती आहे की अजाण, आपल्याकडे कललेली, तटस्थ की विरोधात, हे आधी पाहा असेही सांगितले आहे. (चरकाला साधुपुरुष समजू नका. जिंकायच्या वादात कमी शिकलेल्याला लांबलचक सूत्रे म्हणून दडपावे, अशा क्लृप्त्याही तो बिनदिक्कत सांगतो.) आपल्या सभागृहात यजमान महाविद्यालयाची मुले बहुसंख्य असतात, म्हणजे सभा कललेलीच. म्हणून भाषण चालू असताना टाळ्या बंद, दोन्ही बाजूंचे झाल्यावरच वाजवा, एवढे सूत्रसंचालकाने सुरुवातीला सांगावे. यजमान महाविद्यालयाचा प्राध्यापक परीक्षक नको, हे तर सांगायलाही नको.

संबोधनाकडेही लक्ष द्या. 'माझे विद्वान मित्र' यातला 'विद्वान' कुठल्या सुरात येतो ते सगळ्यांना कळते. त्याहून वाईट 'तुम्ही लोक' आणि 'हे लोक'. समोर एक मुलगी उभी आहे, तिने एक मत मांडले आहे. 'तुम्ही लोक' म्हणताच तिच्या मागे तिची जात, धर्म, मोहल्ला, सगळे उभे केले जाते आणि तिला त्या सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यावे लागते. ताकीद एकदा, दुसऱ्यांदा 5 गुण.

चिठ्ठीने आलेली बाजू मनाविरुद्ध मांडावी लागणे हा सराव म्हणून चांगलाच आहे. कराच्या दरावर, धरणाच्या उंचीवर कुणालाही कुठलीही बाजू द्या. पण श्रद्धेच्या विषयावर आपल्याच देवाविरुद्ध किंवा आपल्याच नास्तिकतेविरुद्ध बोलायला लावणे वेगळे. प्रवेशअर्जावर तीन विषय छापा आणि 'यांपैकी कोणत्या विषयाची कोणती बाजू मांडण्याची इच्छा नाही' अशी एक ओळ ठेवा. कारण विचारू नका. सगळेच अवघड बाजू टाळतील, ही भीती असेल तर प्रत्येकाला एकाच नकाराची मुभा द्या.

आणि शेवटी मान्यतेचा प्रश्न. समोरचा मुद्दा पटला तर तसे म्हणण्याची आज स्पर्धकाला सोयच नाही, म्हटले की तो हरला. नव्या गुणपत्रिकेत खंडनाच्या 20 पैकी 5 गुण मान्यतेसाठी ठेवा. यातही लबाडी होणार. 'मान्य आहे, परंतु' असे म्हणून तोच मुद्दा मागच्या दाराने परत खोडून काढायचा, ही मराठी वक्त्याची जुनी सवय आहे. ती पकडायची युक्ती सोपी: फळ्यावर लिहिलेल्या मुद्द्यासमोर स्पर्धकाने 'मान्य' म्हणताच फुली मारा. त्यानंतर त्याने त्या मुद्द्यावर पुन्हा तोंड उघडले तर ते 5 गुण गेले. पाठ केलेल्या खंडनात अशा फुलीला जागाच नसते, त्यामुळे तिथे अडखळणारे मूल दिसले की परीक्षकांनी जरा थांबून ऐकावे. बहुधा तेव्हा ते पहिल्यांदाच विचार करून बोलत असते.

नियमावल्या छापायला जाण्याआधी यावर एक बैठक घ्यावी. पूर्ण बदल जमणार नसेल तर यंदा फक्त अंतिम फेरीला करून पाहा. तिथे पाच-सहाच जोड्या असतात, पंचवीस मिनिटे वाढतील. नमुना गुणपत्रिका आणि परीक्षकांची टिपणी तयार करून द्यायला आम्ही बांधील आहोत, विनामूल्य.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वादविवाद स्पर्धांचे काही मार्गदर्शक आणि परीक्षक